होतकरू

अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहून परत आलेला मनुष्य दोनच विषयांवर बोलतो. एक नायगारा, दुसरा तिथले भाजीचे भाव. नायगारा मी पाहिला नाही आणि भाजी सूनबाई आणायची. त्यामुळे २०२४ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिकडे नेमकं काय केलंत, असं कोणी विचारलं की मला खरं सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बसून मी एक संघ हरताना ऐकत होतो.

हरणं मला नवं नव्हतं. क्रिकेटच्या ज्या जमान्यात मी वाढलो त्यात पाच दिवस उन्हात उभं राहून सामना अनिर्णित ठेवला, की फक्त पेढे वाटायचेच बाकी राहत. पण बेसबॉलमध्ये अनिर्णित ही सोयच नाही. नऊ इनिंगमध्ये निकाल लागला नाही तर दहावी, अकरावी, लागेपर्यंत. शिवाय एका मोसमात सामने एकशे बासष्ट. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज. मनुष्याला हरायचंच असेल तर इतकी संधी जगात दुसरीकडे कुठे मिळायची नाही.

मुलगा राहतो शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलला. सकाळी आठ वाजता चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू तीन दिशांना जात. मग त्या प्रशस्त घरात मी, ही, आणि अकरा बटणांचं एक धुलाई यंत्र, एवढेच प्राणी उरत. ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेंगा सोलत काहीतरी गुणगुणत बसे. मी अंगणात येरझारा घाली. चौथ्या दिवशी शेजारच्या गॅरेजमधून एक घडीची खुर्ची बाहेर आली आणि तिच्यामागून एक्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ. त्यांनी खुर्ची माझ्यापुढे उघडली. गॅरेज ही अमेरिकेतली ओसरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

गृहस्थ मूळचे शिकागोच्या दक्षिण भागातले, ब्रिजपोर्टचे. आयुष्य पोलाद कारखान्यात गेलं. संघ एकच, व्हाइट सॉक्स. म्हणजे पांढरे पायमोजे. ज्या संघाने आपलं नाव पायमोज्यांवरून ठेवलं त्याच्याकडून मनुष्याने किती अपेक्षा धरावी, असा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण पाहुण्याने असले प्रश्न विचारू नयेत. संध्याकाळी आणखी तिघं जमत. एक निवृत्त पोस्टमन, एक चालू प्लंबर आणि एक पंचविशीतला हिशेबनीस पोरगा. पोस्टमन निराशावादी, प्लंबर संतापी आणि पोरगा आशावादी. शेजारीबुवा मात्र यांतलं काही नव्हते. त्यांच्या मांडीवर एक वही असे आणि तीत ते रेडिओ ऐकत प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने करत. मी सदतीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्या. वहीकडे पाहूनच आमचं जमलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुमच्या मिसेस गातात वाटतं?"

म्हटलं, "पूर्वी गायच्या."

त्यांनी समजुतीने मान हलवली. "दुखापत?"

"नाही," मी म्हटलं, "मुलांच्या परीक्षा."

हे त्यांना कळलं नाही. मलाही तेव्हा फारसं कळलं होतं असं नाही.

संघाची परिस्थिती मला पोरग्याने समजावून सांगितली. संघ वाईट नव्हता म्हणे, संघाची 'पुनर्बांधणी' चालली होती. हा शब्द ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आम्ही डोंबिवलीकर. आमच्याकडे याला पुनर्विकास म्हणतात. चांगली नांदती इमारत असते. एक दिवस कोणीतरी येऊन सांगतो, ही पाडू, तीन वर्षांत बारा मजली देऊ, लिफ्टसकट. चित्र दाखवतो. चित्रात झाडं असतात, कारंजं असतं आणि एक सुखी कुटुंब कुत्र्याला घेऊन फिरत असतं. मग इमारत पडते. मंडळी भाड्याच्या खोल्यांत जातात. तीन वर्षांची सात होतात. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकू चित्रातल्या लिफ्टची वाट पाहता पाहता भाड्याच्या घरातूनच गेल्या. ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि तिथे लिफ्ट नव्हती.

व्हाइट सॉक्सची इमारत पहिल्यांदा पाडली ती २०१६ च्या डिसेंबरात. क्रिस सेल नावाचा त्यांचा साडेसहा फूट उंच डावखुरा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, ऐन भरात होता. तो त्यांनी बॉस्टनच्या रेड सॉक्सना, म्हणजे लाल पायमोज्यांना दिला आणि बदल्यात चार होतकरू पोरं घेतली. होतकरू हा माझा शब्द. ते 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. आज काही नाही पण उद्या होईल, असा जो कोणी, तो. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत असतो तोच.

पुढे काय झालं? सेलने २०१८ मध्ये बॉस्टनला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, शेवटचा बळीही त्यानेच घेतला. चारांतल्या दोघांवर सगळी भिस्त होती. मोंकाडा म्हणून एक, त्याने २०२४ चा बहुतेक मोसम दुखापतीने बाहेर बसून काढला. दुसरा कोपेक. त्याने २०१८ च्या ऑगस्टमध्ये पदार्पण केलं आणि सप्टेंबरात त्याचं कोपर गेलं. मध्यंतरी २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं संघ पुढच्या फेरीत पोचला होता, तेव्हा मंडळींना चित्रातलं कारंजं दिसू लागलं होतं. दोन्ही वेळा पहिल्याच मुक्कामाला गाडी थांबली. २०२३ मध्ये संघ एकशे एक सामने हरला. तेव्हा ठरलं की आता पुन्हा पुनर्बांधणी.

"आणि सेल?" मी विचारलं.

"तो अटलांटाकडे आहे," पोस्टमन म्हणाला. "या वर्षी सगळ्यांत भारी तोच टाकतोय." आणि खरोखरच २०२४ चं नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं, साय यंग यांच्या नावाचं बक्षीस सेललाच मिळालं.

अशी सगळी पार्श्वभूमी असताना गॅरेजमध्ये दुःख नांदत असेल अशी माझी कल्पना होती. छे! तिथे चालू सामन्याबद्दल फारसं कोणी बोलतच नसे. रेडिओवर संघ आठ धावांनी मागे पडलेला असायचा आणि इकडे २०२८ सालचा संघ कसा असेल यावर हातघाई चाललेली असायची.

या होतकरूंची चर्चा ऐकून मला आमच्या मावशीची आठवण आली. मावशीने आयुष्यात बावीस लग्नं जमवली. उंची काय, वजन किती, वय किती, घराण्यात कोणी खेळणारं होतं का, स्वभावाने शांत आहे की तापट, पगाराची अपेक्षा काय. सगळं तेच. फक्त मावशी 'चष्मा आहे का' विचारायची तिथे ही मंडळी 'ताशी किती मैल टाकतो' विचारत. पोरं कुठल्या इयत्तेत आहेत तेही त्यांना तोंडपाठ. कारण बेसबॉलमध्ये पोरगा एकदम मोठ्या संघात येत नाही. खाली शाळा असते. कॅनापोलिस, मग विन्स्टन-सेलम, मग बर्मिंगहॅम, मग शार्लट, अशा चार गावांच्या चार पायऱ्या चढून तो वर येतो. यातल्या बर्मिंगहॅमला १९९४ साली बास्केटबॉलचा सम्राट मायकल जॉर्डन हौसेने बेसबॉल खेळून गेला, आणि त्याच्याच्याने वरची पायरी चढवली नाही. २०२४ मध्ये वरचा संघ हरायचे विक्रम करत असताना हे बर्मिंगहॅमचे विद्यार्थी मात्र आपल्या लीगचे विजेते झाले. पोरगा म्हणाला, "पाहा, भविष्यकाळ जिंकतोय!" पोस्टमन म्हणाला, "भविष्यकाळ नेहमीच जिंकतो. त्याला आमच्यासारखं रोज खेळावं लागत नाही."

होतकरूंनंतर विषय दुखापतींचा. आपल्याकडे चार निवृत्त माणसं जमली की स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. ही मंडळी दुसऱ्यांच्या कोपरांबद्दल बोलत. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या पिचरचं डावं कोपर निकामी झालं. फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा, आपण जिला ढोबळपणे शीर म्हणतो ती, काढून डाव्या कोपरात बसवली. परत खेळायची शक्यता शंभरात एक. गृहस्थ परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. आयुष्यात दोनशे अठ्ठ्याऐंशी सामने जिंकले, त्यांतले एकशे चौसष्ट ऑपरेशननंतर. आता ऑपरेशनलाच त्याचं नाव आहे. शेजारीबुवा अभिमानाने म्हणाले, "तो १९६५ ते १९७१ आमच्याकडे होता." म्हटलं, "मग?" "मग दिला. त्याच्या बदल्यात डिक ॲलन आला, आणि १९७२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला." थोडं थांबून म्हणाले, "अदलाबदल वाईटच असते असं नाही."

हे खरं असलं तरी मला त्या कोपरांच्या चर्चेत बसायला हळूहळू अवघड वाटू लागलं. त्या उन्हाळ्यात गॅरेट क्रोशे नावाचा डावखुरा त्यांच्या संघात एकटा चमकत होता. त्याचंही कोपर २०२२ मध्ये उघडून झालं होतं. आणि गॅरेजमधला वाद काय, तर कोपर शाबूत आहे तोवर याला विकावा की नाही. प्लंबर म्हणाला, "आत्ताच किंमत येईल. पुन्हा कोपर गेलं तर कोण घेतो?" माझ्या वडिलांनी आमची म्हैस विकताना नेमकं हेच वाक्य म्हटलं होतं, फक्त त्यात कोपर नव्हतं.

पण खरी ठिणगी पडली ती ऑगस्टच्या सुरुवातीला. १० जुलै ते ५ ऑगस्ट संघ लागोपाठ एकवीस सामने हरला. एकविसाव्या हारीनंतर पोरगा म्हणाला, "एका अर्थी बरंच आहे. जितकं हरू तितकं चांगलं."

गॅरेजमध्ये शांतता पसरली. पेन्सिल थांबली.

पोरग्याने हिशेब मांडला. नव्या पोरांची निवड करताना आधी नंबर लागतो तो हरणाऱ्यांचा. दुबळ्यांना बळ मिळावं म्हणून तसा नियम आहे. मग अर्धवट हरण्यात अर्थ काय? मधल्यामध्ये लोंबकळण्यापेक्षा तळ गाठावा. ह्यूस्टनने नाही गाठला? २०११ मध्ये एकशे सहा हारी, २०१२ मध्ये एकशे सात, २०१३ मध्ये एकशे अकरा. आणि २०१७ मध्ये विश्वविजेते. ते लांब वाटत असतील तर इथलेच उत्तरेकडचे लोक पाहा. (शिकागोच्या उत्तर भागातल्या कब्ज या संघाचं नाव त्या गॅरेजमध्ये घेत नसत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं, पण निराळ्या कारणाने.) २०१२ मध्ये एकशे एक सामने हरले आणि २०१६ मध्ये एकशे आठ वर्षांनी जिंकले. आज थोडं सोसलं की उद्या सुख.

शेजारीबुवा म्हणाले, "१९१९ साली आमच्या आठ पोरांनीही असाच हिशेब केला होता."

ती गोष्ट मला माहीत नव्हती. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांशी संगनमत करून मुद्दाम हरल्याचा आरोप आला. १९२१ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, पण दुसऱ्याच दिवशी बेसबॉलच्या कमिशनरांनी आठही जणांना कायमचं हद्दपार केलं. ती बंदी उठायला २०२५ चा मे महिना उजाडावा लागला. कायमची बंदी मरणाबरोबर संपते, असा तेव्हा निर्णय झाला. आठांपैकी त्याचा आनंद मानायला कोणीही उरलेलं नव्हतं.

"त्यांनी पैशासाठी केलं!" पोरगा म्हणाला.

"आणि तुम्ही कशासाठी करता?"

"उद्यासाठी."

"म्हणजे खेळाडू हरला तर गुन्हा, आणि मालकाने हरणारा संघ उभा केला तर योजना?"

पोरगा म्हणाला की मैदानात उतरलेला प्रत्येक खेळाडू जीव तोडून खेळतोच, मुद्दाम कोणीच हरत नाही. हे खरंच होतं. पोस्टमन म्हणाला, मग तर जास्तच वाईट, कारण ज्याला जिंकायची बुद्धी आहे त्याला जिंकायचं बळ द्यायचं नाही असं ठरवायचं. हेही खरं होतं. प्लंबर म्हणाला, तो ह्यूस्टनवाला दाखला मला देऊ नका. २०१७ मध्ये ते विश्वविजेते झाले तेव्हा कॅमेऱ्यातून समोरच्यांच्या खुणा चोरून कचऱ्याचं पिंप बडवून आपल्या फलंदाजांना कळवत होते, असं २०२० मध्ये चौकशीत निघालं. तीन वर्षं हरून विकत घेतलेला उद्या, तोही शेवटी पिंपातला!

माझ्याकडे सगळे पाहू लागले. मी भारतातला, म्हणजे या बाबतीत काहीतरी तत्त्वज्ञान माझ्यापाशी असणार, असा त्यांचा समज होता. मी म्हटलं, आमच्या देशात आम्ही १९५१ पासून पंचवार्षिक योजनांवर वाढलो. हे त्यांना कळलं नाही. म्हणून मग बँकेच्या भाषेत सांगितलं. आजचं सुख राखून उद्यासाठी ठेवणं याला आम्ही ठेव म्हणतो. चांगली गोष्ट आहे, मी आयुष्यभर लोकांना तेच सांगितलं. पण फॉर्मवर पहिला रकाना असतो तो ठेवीदाराच्या नावाचा, आणि खाली त्याची सही लागते. दुसऱ्याच्या खात्यातून रक्कम काढून 'तुमच्याच भल्यासाठी गुंतवली' असं सांगणाऱ्याला आम्ही गुंतवणूकदार म्हणत नाही. त्याला आम्ही सस्पेंड करतो. इथे हरण्याचे हप्ते कोण भरतंय? मालकाचं काही जात नाही. तुम्ही पंचविशीतले, तुमच्यापाशी उद्या भरपूर शिल्लक आहे. पण हे एक्याऐंशीचे. २०२८ च्या संघावर यांनी सही केली होती का?

माझ्या मते हे फार चांगलं भाषण झालं. शेजारीबुवा हसले आणि त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

२४ सप्टेंबरला ते मला आणि नातवाला मैदानावर घेऊन गेले. पस्तिसाव्या रस्त्यावरचं ते मैदान. त्याचं नाव आतापर्यंत तीनदा बदललं, पण ते अजून 'कमिस्की'च म्हणतात, आम्ही अजून व्हीटी म्हणतो तसं. संघाच्या एकशे वीस हारी झाल्या होत्या. आणखी एक झाली की १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा आधुनिक काळातला विक्रम मोडणार होता. कित्येक जण तो विक्रम डोळ्यांनी पाहायलाच आले होते. आमच्या पुढच्या रांगेत एकाने डोक्यावर कागदी पिशवी घातली होती. मालकाने संघ विकावा अशा आरोळ्या चालल्या होत्या.

सातव्या इनिंगपर्यंत संघ दोन धावांनी मागे होता. नातवाने मला हळूच विचारलं, "आजोबा, हे लोक हरायची वाट का बघतायत?"

मी त्याला पुनर्बांधणी समजावून सांगितली. नव्या पोरांची निवड, चार गावांची शाळा, २०२८. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग बोटांवर हिशेब केला. "तेव्हा मी तेरा वर्षांचा असेन. पण मी आज आलोय ना?"

याला सदतीस वर्षांच्या बँकिंगमध्ये उत्तर नव्हतं. आणि आठव्या इनिंगमध्ये काय झालं कोण जाणे, त्या भिकारड्या संघाने तीन धावा काढल्या आणि तीन विरुद्ध दोन असा सामना जिंकला! पिशवीवाल्याने पिशवी काढली. आत चांगला हसरा चेहरा होता. नातू माझ्या खांद्यावर चढून नाचला. (खांदा ऑक्टोबरपर्यंत दुखत होता. गॅरेजमध्ये त्यावर सविस्तर चर्चा झाली.) एकशे एकविसावी हार तीन दिवसांनी, २७ तारखेला, डेट्रॉइटला झाली आणि विक्रम व्हायचा तो झालाच. पण त्या रात्री शेजारीबुवांनी वहीत शेवटचा बळी लिहिला, तारीख घातली आणि खाली माझ्या नातवाला सही करायला लावली.

"इतकं हरतात तरी तुम्ही येता कसे?" परतताना गाडीत मी विचारलं.

ते म्हणाले, "माझ्यासाठी आजचा सामना हा कशाचा हप्ता नाही. तो आजचा सामना आहे."

रात्री घरी आलो तर ही जागी होती. मी भरात होतो. सामना सांगितला, नातवाचं वाक्य सांगितलं, माझं गॅरेजमधलं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. ठेवीदाराची सही हा मुद्दा मी विशेष खुलवला.

हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बिल्डरसुद्धा संमतीपत्रावर सह्या घेतो."

म्हटलं, "अगदी बरोबर! हेच मी त्या पोरट्याला—"

"अहो, आपली पेटी आठवते का?"

पेटी, म्हणजे हिची हार्मोनियम. ही लग्न होऊन आली तेव्हा पेटीसकट आली. गांधर्वची मध्यमा झाली होती, विशारद करायचं होतं. डोंबिवलीच्या दोन खोल्या. १९९५ मध्ये मोठ्याची दहावी, १९९७ मध्ये बारावी. १९९८ मध्ये धाकटीची दहावी, २००० मध्ये बारावी. मुलांच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून पेटी माळ्यावर गेली. केबल बंद झाली, गाणं बंद झालं, पाहुणे बंद झाले. घरात दोन होतकरू असताना दुसरं काही होण्याची सोय नव्हती. योजना यशस्वी झाली, हे कबूल केलं पाहिजे. मोठा नेपरव्हिलला आहे, धाकटी बंगळूरला. पेटी २००० साली उतरवून पाहिली तेव्हा भात्याला उंदरांनी भोकं पाडली होती. मीच म्हणालो होतो, निवृत्त झाल्यावर नवी घेऊ.

मी म्हटलं, "मुलांसाठीच केलं ना? आणि तुझी तक्रार नव्हती कधी."

"आताही नाही," ही म्हणाली. "विचारलं असतंत तर मी होच म्हटलं असतं. पण विचारलं नव्हतंत. मी मंडईतून आले तेव्हा पेटी माळ्यावर होती."

एवढं बोलून ती झोपायला गेली. मी बराच वेळ त्या अकरा बटणांच्या यंत्रासमोर बसून राहिलो. कोपरं आणि म्हशी आणि ह्यूस्टनची पिंपं, या सगळ्यांचा न्यायनिवाडा मी सहा महिने केला होता. आमच्या घरातली ऐन भरातली डावखुरी मी दोन होतकरूंच्या बदल्यात देऊन टाकली आणि खतावणीत त्याची नोंदसुद्धा नव्हती. अदलाबदल वाईट झाली असं हीदेखील म्हणत नव्हती. होच म्हणाली असती! तेच मला जास्त लागलं. जी सही मागितली असती तर हमखास मिळाली असती, ती मागायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

२०२४ च्या डिसेंबरात व्हाइट सॉक्सनी क्रोशेला विकलं. कोणाला? पुन्हा बॉस्टनलाच. आणि बदल्यात काय? पुन्हा चार होतकरू. त्यांतला एक तर त्याच वर्षी घोटा मोडून घेऊन आलेला. एकशे एकवीस हारी सोसून २०२५ च्या निवडीत पहिला नंबर तरी लागावा, तर तोही नाही. त्यांच्यासारख्या मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीत वरचा नंबर मिळत नाही असा नियम निघाला, आणि ते दहावे गेले. पोरग्याचा चेहरा मला पाहायचा होता.

मे महिन्यात नातवाने व्हिडिओवर शेजारीबुवांना जोडून दिलं. ते बरेच खुशीत होते. शिकागोचा मनुष्य पोप झाला होता, आणि तो यांच्या संघाचा! २००५ मध्ये संघाने अठ्ठ्याऐंशी वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा पहिल्या सामन्याला तो प्रेक्षकांत बसलेला टीव्हीवर दिसला होता. म्हटलं, आता तरी जिंकाल. ते म्हणाले, "पोप आशीर्वाद देतील. पिचिंग आम्हालाच करावं लागणार." त्या मोसमात एकशे दोन हारी झाल्या. म्हणजे एकोणीस कमी. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी नवी वही घेतली होती, ती त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली.

"आणि मिसेस?" त्यांनी विचारलं. "गातात?"

त्याच संध्याकाळी मी पेट्यांच्या दुकानात जाऊन आलो. चांगल्या तीन पाहून ठेवल्या, किमती लिहून आणल्या. घ्यायला हात शिवशिवत होता, पण घेतली नाही. घरी आलो, कागद हिच्यापुढे ठेवला आणि लग्नानंतर बहुधा प्रथमच, कुठल्याही निर्णयाच्या आधी, रीतसर विचारलं, "घेऊ का?"

हिने कागद नीट वाचला. चष्मा काढला. म्हणाली, "विचार करून सांगते."

त्याला आता बरेच महिने झाले. अजून उत्तर आलेलं नाही. मध्येच ही शेंगा सोलताना गुणगुणते, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली करून बघतो, पण ही काही बोलत नाही. मी वाट पाहतो आहे. शेजारीबुवा म्हणतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सवय होते.